दगडावरच्या काती

१२ मार्च २००६

प्रिय दारी,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पोस्टमनने ते चहाच्या दुकानात टाकलं, दुकानातून ते शाळेत आलं, आणि माझ्या हातात पडेपर्यंत तुम्ही दोघी मे महिन्यात येताय हे माझ्या चौथीच्या वर्गालासुद्धा कळलं होतं. पाकीट फोडलेलं नव्हतं, उगाच कुणावर आळ घेत नाही. पण लारीटीने मागच्या बाजूला एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, 'मामा, आम्ही न्यांगतासेर बघायला येतोय!' पोरगी आता आठ वर्षांची झाली. पाकिटाच्या आत काय लिहायचं आणि बाहेर काय, एवढं तरी तिला शिकव.

आनंद झाला. तीन वर्षांनी घरची मालकीण घरी येतेय म्हटल्यावर आनंद होणारच.

पण खरं सांगू का, यंदाचा मे काही बरा नाही. नोंगपोहच्या पुढे रस्ता खणून ठेवलाय. घराचं मागचं छप्पर गळतंय, ते उतरवायचं आहे. गावात गालगुंडाची साथ आहे. वेल्लोरहून इथवर यायचं म्हणजे तीन-चार दिवस गाडीत बसायचं, त्यात लारीटीची शाळा बुडणार. शिवाय न्यांगतासेर दर चार वर्षांनी निघत असले तरी यंदा कमीच निघणार असं सगळे म्हणतात. सगळे म्हणजे कोण, असं तू विचारशील. सगळे. किड्यांपायी वर्षभराची रजा कशाला घालवतेस? डिसेंबरात या. संत्री असतात, थंडी असते, छप्परही झालेलं असेल.

रांगबाहच्या कार्डाबद्दल तू विचारलंस. आपला बाह शानलांग रांगबाह, म्हणजे गावचा मुखिया, झाला तेव्हापासून त्याला आभार मानायचा रोगच जडलाय. कुणी विडी पेटवून दिली तरी उभा राहून दोन शब्द बोलतो. नाताळच्या कार्डात त्याने तुला 'गावासाठी जमीन दिल्याबद्दल' लिहिलं, त्यात विशेष काही नाही. पोरांना फुटबॉल खेळायला जागा नव्हती. आपल्या बनाच्या कडेची थोडी मोकळी करून दिली. थोडी. निवांत झालो की लिहीन.

बांबूच्या कोंबांच्या लोणच्याची बाटली फुटली नाही ना? कोंब आपल्या बनातलेच. आई घालायची तसंच घातलंय, फक्त माझ्या हातून मिरची जरा जास्त पडते.

रोज संध्याकाळी बायकोच्या घरून खाली येतो, तुझ्या घरात दिवा लावतो, आईची खुर्ची पुसतो आणि कुलूप घालून परत जातो. त्यात एक दिवसही खंड पडलेला नाही.

तुझा,
बाह किटबोक

९ एप्रिल २००६

प्रिय दारी,

'बाह, लहानपणी तू खरं बोलायचास तेव्हा एक कारण द्यायचास, आणि खोटं बोलायचास तेव्हा चार. या पत्रात सहा आहेत. १४ मेची तिकिटं काढली आहेत.'

धाकट्या बहिणीने दादाला, आपल्या बाहला, असं सुनावलेलं वाचून मी मोठ्याने हसलो. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी वर पाहिलं. मग माझं हसू गेलं आणि मी उगाच वह्या तपासत बसलो.

लारीटीने विचारलंय की ते जमिनीतून नेमके कसे येतात. तिला जेवढं आठवतंय तेवढं वर्गात सांगितलं तर बाई म्हणाल्या, 'असं काही नसतं.' तिच्या बाईंना म्हणावं, हिचा मामा पंधरा वर्षं शाळेत हेच शिकवतोय. पुढचं तिला वाचून दाखव.

लारीटी, ऐक. चार वर्षांपूर्वी तू चारच वर्षांची होतीस. वर्ल्डकप सुरू व्हायला महिना होता आणि गावात ब्राझीलवाले नि अर्जेंटिनावाले एकमेकांशी बोलत नव्हते. एप्रिलच्या शेवटी मी तुमच्या बनात गेलो आणि बांबूच्या काडीने वरची पानं नि माती खरवडली. आपल्या घराकडे ते काम पहिल्यापासून आहे. खाली भोकं होती, करंगळी जाईल एवढी, आणि एकेका भोकाच्या तोंडाशी एकेक पिल्लू येऊन बसलेलं. चार वर्षं त्यांनी अंधारात बांबूच्या मुळांचा रस पिऊन काढलेली असतात. आता वर पाऊस कधी पडतो नि माती कधी ऊबदार होते, याची वाट बघत असतात. मी परत येऊन गावाला सांगितलं, अजून पंधरा दिवस.

मग ती संध्याकाळ आली. दिवस मावळला, तसा बनातल्या पानांतून आवाज यायला लागला, पावसाचा बारीक शिडकावा पडावा तसा. पाऊस नव्हता. हजारोंनी ते वर येत होते. मातीने माखलेले, पुढचे पाय खेकड्यासारखे, पाठीला कुबड, अगदी म्हाताऱ्यासारखे चालत. बांबू सापडला की चढायचं, बांबू नाही तर काहीही उभं. सगळं गाव मशाली आणि टोपल्या घेऊन वाट बघत होतं, पण कुणी हात लावत नव्हतं. कारण पहिला जमिनीचा. तो टोपलीत जात नाही. घरातल्या धाकट्या लेकीने तो उचलून बांबूवर ठेवायचा आणि मग गावाने खाण्यासाठी गोळा करायला लागायचं. तुझ्या आजीला तेव्हा उठवत नव्हतं. तिने खुर्चीसकट स्वतःला बनात नेववलं आणि म्हणाली, 'दारी नको. तिची लेक उचलेल.'

तू उचललास. पण बांबूवर ठेवायच्या आधीच तो तुझ्या बाहीवर चढला आणि तिथेच घट्ट बसला. आजी म्हणाली, 'आता हलायचं नाही गं.' आणि तू हलली नाहीस. त्याची पाठ मधोमध उकलली. आतून पांढरा, ओला, मऊ जीव डोक्याकडून बाहेर आला आणि उलटा लोंबकळला, आता पडतो की मग पडतो असं आम्हाला वाटत राहिलं. मग त्याने उठून स्वतःचीच जुनी कात पकडली. पाठीवर चुरगळलेल्या कागदासारखं काहीतरी होतं, ते हळूहळू उलगडलं, त्याचे पंख झाले. तास-दीड तास तू उभी होतीस. तुला शू लागली होती आणि तू रडत होतीस, पण हात हलवला नाहीस. पंख वाळून कडक होईपर्यंत त्याला धक्का लागला तर ते वाकडे राहतात आणि तो कधीच उडत नाही, हे तुला आजीने सांगितलं होतं. सकाळी तो उडाला. बाहीवर कात राहिली. पुढे तीन आठवडे संध्याकाळी बन असं ओरडत होतं, की रेडिओवरची कॉमेंटरी ऐकू येईना.

इथवर वाच. पुढचं तिच्यासाठी नाही.

दारी, मैदान थोडं नाही. अर्धं बन गेलं. दोन वर्षं झाली. पोरांचा फार हट्ट होता, खालच्या गावांना मैदानं आहेत आणि आपण शेतात खेळतो, बॉल चिखलात रुततो. तुला विचारायला हवं होतं. पीसीओवर बोलायचं तर मागे अर्धं गाव रांगेत, आणि उरलेलं अर्धं त्या अर्ध्याकडून ऐकणार. मला वाटलं, तू हो म्हणालीच असतीस. वाईट वाटून घेऊ नकोस. उरलेल्या अर्ध्यातून किडे येतील. लारीटीला पुरतील.

तुझा,
बाह किटबोक

२८ एप्रिल २००६

दारी,

हे पत्र तुम्ही गाडीत बसायच्या आधी पोहोचायला हवं म्हणून आज शाळा बुडवून नोंगपोहला आलोय आणि पोस्टातल्या बाकावर बसून लिहितोय. शेजारी एक बाई पान-सुपारी खात बसली आहे. तिने मलाही दिली. माझं तोंड बघून दिली असावी.

अर्धं बन नाही. सगळं बन गेलं.

मागच्या पत्रात अर्धं लिहिलं ते लिहिताना मला वाटत होतं की मी खरं बोलतोय. अर्धं खोटं कबूल केलं की माणसाला किती हलकं वाटतं! चार दिवस मी शीळ घालत शाळेत गेलो.

आता क्रमाने सांगतो. तू गेल्यावर घराची किल्ली माझ्याकडे आली आणि गावच्या सभेतली, दरबारातली जागाही. तुला दरबारात बसता येत नाही. जमीन बाईची आणि तोंड भावाचं, ही आपली रीत. आई असताना मी दरबारात तिच्या वतीने तोंड उघडायचो, पण आदल्या दिवशी तिच्यासमोर बसून शब्दन् शब्द ठरवून जायचो. तिने 'तीन' सांगितलं की मी 'तीन' म्हणायचो. आई गेली, तू वेल्लोरला गेलीस, आणि मला पहिल्यांदा कुणी काही सांगणारं राहिलं नाही. ते मला आवडलं. लाज वाटते, पण आवडलं.

२००३च्या डिसेंबरात मैदानाचा विषय निघाला. सपाट करता येईल असा उतार फक्त आपल्या बनाचा. मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'आमच्या घराची जमीन आहे. माझ्या बहिणीची संमती आहे.' बाह शानलांगने विचारलं, 'दारीशी बोललास?' मी म्हणालो, 'कालच फोन केला.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. दारी, शाळेत बारा वर्षं शिकवून माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती.

हे पैशासाठी केलं असं कुणी म्हणालं तर सांग की नाही. एक रुपया मी घेतला नाही. टाळ्यांसाठी केलं.

जानेवारीत जेसीबी आला. चालवणारा नूरजमाल, आसामकडचा, शांत माणूस. पहिल्या दिवशी बांबू निघाले. दुसऱ्या दिवशी त्याने माती खरवडायला घेतली आणि अर्ध्या तासाने मशीन बंद करून खाली उतरला. मी जाऊन पाहिलं. बादलीत माती होती आणि मातीत पिल्लं होती. दोन वर्षांची, चण्याच्या दाण्याएवढी, पांढरट. मूठभर माती उचलली तरी पाच-सात. काही मुळांना तोंड लावून तशीच चिकटलेली. नूरजमाल म्हणाला, 'मास्टरजी, ही जमीन तर जिवंत आहे. हे काय आहे?'

काय आहे ते मला ठाऊक होतं. मी ते फळ्यावर काढतो. वर्ष पहिलं, वर्ष दुसरं, वर्ष तिसरं, वर्ष चौथं.

मी म्हणालो, 'काही नाही, किडे आहेत. चालू ठेव. फेब्रुवारीत उद्घाटन आहे.'

तो लगेच चढला नाही. म्हणाला, 'तुमचं घर, तुमची जमीन. मी काय बोलणार?' मग चढला. तीन दिवस गावातल्या सगळ्या कोंबड्या बनात होत्या. संध्याकाळी त्यांना घरी हाकलावं लागत होतं, एवढं त्यांचं पोट भरलं होतं. लोक मला म्हणाले, 'किटबोक, दोन वर्षांनी काय खाणार आम्ही?' मी म्हणालो, 'बाकीची बनं आहेत की! आपल्या गावात काय एकच बन आहे?' सगळे हसले. मीही हसलो.

वरच्या कडेला खडकालगत तीन-चार हात रुंदीची एक पट्टी नूरजमालने सोडली. मी विचारलं तर म्हणाला, 'इथं बादली बसत नाही.' बसत होती. तिथल्या बांबूंचे नंतर गोलपोस्ट झाले, आणि रिकाम्या झालेल्या त्या पट्टीवर मी एक दगड बसवला. काळा, घासून गुळगुळीत केलेला, गुवाहाटीहून आणलेला. त्यावर लिहिलंय, 'हे मैदान बाह किटबोक यांच्या प्रेरणेने.' तुझं नाव नाही. आईचं नाही. आपल्याकडे दगड उभा करतात तो गेलेल्यांसाठी, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? चहाच्या दुकानात म्हातारे म्हणाले, 'भाग्यवान आहेस बाबा. आम्हाला मरावं लागेल, तुझा जिवंतपणीच उभा राहिला.' तेव्हा मी समजलो की ते जळतायत. कापलेल्या बुंध्यांना दरवर्षी फुटवे येतात. नाव झाकलं जाऊ नये म्हणून ते मीच कोयत्याने छाटतो.

लोणच्याचे कोंब नोंगपोहच्या बाजारातले. दोन्ही वर्षांचे.

अजून एक राहिलंय, आणि मला वाटतं सगळ्यांत वाईट तेच. तुम्ही येणार हे पक्कं झाल्यावर मी काय ठरवलं होतं माहीत आहे? पलीकडच्या गावातून दोन पोती जिवंत पिल्लं आणायची. तुम्ही याल त्या दिवशी दुपारी दगडाजवळ माती भुसभुशीत करून ती पुरायची, भोवती चार बांबू रोवायचे. संध्याकाळी ती वर येतील, लारीटी पहिला उचलेल, तू म्हणशील, 'चला, थोडं तरी उरलंय.' मी जागा मोजूनसुद्धा आलो.

त्यासाठी परवा काँग सिल्बीकडे गेलो. ती आता ऐंशीच्या पुढे असेल. आईची मैत्रीण म्हणून तिने मांडीला मांडी लावून बसवलं, पान दिलं, विचारलं, 'काय पाहिजे?' मी सांगितलं, 'दोन पोती.' म्हणाली, 'मेलेली?' म्हटलं, 'नाही, जिवंत. निघायच्या आदल्या दिवशीची, खणून.' तिने चघळत चघळत विचारलं,

'खायला नको, विकायला नको. मग कुणाला दाखवायची आहेत?'

मी पान तोंडात कोंबलं.

'दारी येतेय ना?' म्हणाली. 'अरे, तुझ्या आईने तुला फार धाकात ठेवलं असं मी तिला नेहमी म्हणायचे. ती म्हणायची, सिल्बी, त्याला सांगणारं कुणी नसलं की तो चांगलं दिसायला काहीही करेल. मी तिच्याशी भांडायचे. तुझी बाजू घेऊन भांडायचे रे. जा आता. आणि जाताना तोंड पुस, लाल झालंय.'

घरी आलो. तुझ्या घरी. दिवा लावला नाही. अंधारातच आईच्या खुर्चीसमोर बसलो आणि मला कळेना की आज काय ठरवून जायचंय.

आता या किंवा येऊ नका. मी एकही कारण देत नाही.

किटबोक

२३ मे २००६

प्रिय दारी,

तार मिळाली. 'येत नाही. लारीटीला मी सांगितलं.' एवढीच. ती मी पाकिटात ठेवली आहे, रोज वाचतो. तू शिवी दिली असतीस तर वाचायला एवढा त्रास झाला नसता. 'मी सांगितलं' म्हणजे काय सांगितलं, कसं सांगितलं, ती काय म्हणाली, हे विचारायचा हक्क मला नाही, म्हणून विचारत नाही.

हे पत्र माफीचं नाही. दोन गोष्टी घडल्या, त्या तुला कळायला हव्यात. जमीन तुझी आहे.

पहिली बुधवारची, १७ तारखेची. त्या दिवशी तुम्ही पोहोचला असता. पोरांचा सराव संपला तसा मी मैदानावर गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. तुम्ही आला असता तर तिथेच गेलो असतो, म्हणून गेलो. सगळं सपाट, कडक. पलीकडच्या डोंगरावर मशाली दिसत होत्या, म्हणजे काँग सिल्बीच्या गावात निघायला लागले होते. आपल्याकडे नुसते गोलपोस्ट. मी दगडाच्या पायथ्याशी बसलो. अंधारून आलं आणि माझ्या मागे पानात आवाज झाला.

नूरजमालने सोडलेली ती पट्टी, दारी. मी बांबू कापले, फुटवे छाटले, पण खालची मुळं राहिली होती आणि मुळांवर पिल्लं राहिली होती. फार नाहीत. पण येत होती. तीच मातीने माखलेली, तीच कुबडं, वर येऊन काहीतरी उभं शोधत होती. आणि त्या तीन-चार हातांत उभं असं एकच होतं.

ती माझ्या दगडावर चढायला लागली. दगड घासून गुळगुळीत केलेला. मी स्वतः कारागिराला म्हणालो होतो, 'आरसा कर.' वीतभर चढायची नि घसरून पाठीवर पडायची. पुन्हा उठायची, पुन्हा चढायची. काहींना कोरलेली अक्षरं सापडली. 'किटबोक'च्या अक्षरांत नख्या रोवून तीन जण बसले आणि तिथेच त्यांच्या पाठी उकलल्या. बाकीच्यांना जागा मिळेना. त्यांची वेळ झाली होती, त्यांना थांबता येत नव्हतं. एक माझ्यासमोर जमिनीवरच उकलला, आडवाच बाहेर आला, आणि त्याचे पंख मातीला चिकटून गोळा झाले. मग दुसरा. मी चौथीला शिकवतो, 'त्यांना फक्त एक उभी गोष्ट लागते.' मी बसलेला होतो.

म्हणून उभा राहिलो. दुसरं काही सुचलं नाही. मधोमध जाऊन उभा राहिलो आणि ते माझ्या पँटवर चढले, शर्टावर चढले, एक मानेपर्यंत आला. जे खाली पडलेले दिसले ते हळूच उचलून मी बाहीवर ठेवले, आणि मग हातही हलवता येईना.

आपला गोलकीपर, तो नोंगपोहच्या बसवर कंडक्टर आहे ना, तो बॉल विसरला म्हणून परत आला. त्याला लांबून मी दगडाशेजारी ताठ उभा दिसलो. ओरडला, 'काय सर, आता पुतळापण?'

मी म्हणालो, 'हलता येत नाही.'

'का? साप आहे?'

'नाही. ये आणि बघ. पाय जपून टाक.'

तो आला, त्याने माचिस पेटवली आणि वाकून बघितलं. मग धावत गेला. कोपऱ्यांवरचे चारही झेंडे उपटून आणले आणि पट्टीत रोवले. मग गावातून काठ्या, जुनी शिडी, एकाने तर खराटा आणला. चढायला मिळेल ते सगळं उभं केलं. एकही टोपली कुणी आणली नाही. ब्राझीलवाले नि अर्जेंटिनावाले एकत्र उकिडवे बसून मातीत पडलेले शोधत होते, आणि मी दिव्याच्या खांबासारखा मध्ये. कुणीतरी माझ्या तोंडात पान-सुपारी भरवली. पाय भरून आले, मग बधिर झाले. मला लारीटी आठवत होती. ती चार वर्षांची होती आणि हलली नव्हती. मी रडत होतो, ते अंधारात कुणाला दिसलं नसावं.

पहाटे मोजले. एकसष्ट नीट उडाले. सतरा वाकडे राहिले. ते सतरा मी मोजले नसते तरी कुणाला कळलं नसतं, पण आता तुला संपूर्ण आकडाच लिहायचा असं ठरवलंय.

दुसरी गोष्ट रविवारची. दरबार भरला. मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'दारीची संमती नव्हती. मी फोन केला नव्हता. मी खोटं बोललो.' एवढंच ठरवून गेलो होतो, आईच्या खुर्चीसमोर बसून. बाह शानलांग म्हणाला, 'म्हणजे दोन वर्षं आम्ही चोरीच्या जमिनीवर गोल मारतोय?' कुणीतरी हसलं. मग कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं, सगळे अंगावर येतील. कुणी आलं नाही. ते माझ्याकडे बघेनातच. त्यापेक्षा अंगावर आले असते तर बरं झालं असतं.

ठरलं ते असं. मैदान ठेवायचं की पुन्हा बांबू लावायचे, की अर्धं-अर्धं, हे तू सांगायचंस. पोरं म्हणतात, तू म्हणशील ते. तुझं उत्तर मला पाठवू नकोस, बाह शानलांगच्या नावाने पाठव. तो ते दरबारात जसंच्या तसं वाचून दाखवेल. तुझ्या वतीने बोलायचा माझा हक्क दरबाराने काढून घेतला आहे. कुणीतरी तो आधीच घ्यायला हवा होता.

दगड पोरांनी आणि मी मिळून पाडला. पालथा पाडून पायरी केली आहे, अक्षरं मातीकडे. फुटवे मी छाटणार नाही. उडालेल्यांतल्या माद्या कुठेतरी अंडी घालतील, आणि या पट्टीला तोवर चार फांद्या आल्या तर इथेही घालतील. तसं झालं तर २०१०च्या मे महिन्यात पुन्हा येतील. लारीटी तेव्हा बारा वर्षांची असेल. पहिला तिचा. त्या दिवशी मी गावात नको असेन तर काँग सिल्बीकडे जाऊन बसेन. किल्ली बाह शानलांगकडे दिली आहे. दिवा आता त्याची बायको लावते. आईची खुर्ची मी बाहेरून खिडकीतून बघतो, पुसलेली असते.

पाकिटात कापसात गुंडाळून एक कात ठेवली आहे. ती लारीटीला द्यायची की नाही हे तू ठरव. पोस्टात तिचा चुरा झाला असेल तर टाकून दे. कोरलेल्या अक्षरांत तीन होत्या, त्या मी घेतल्या नाहीत. ही माझ्या बाहीवरची आहे. तिच्यातला नीट उडाला.

किटबोक